पुतळाबाईंच्या नावाचं मशीन

मुलींच्या होस्टेलात अंगठ्याचं मशीन यायला महिनासुद्धा लागला नव्हता. दोन मुली गरबा बघून उशिरा आल्या, कोणीतरी प्राचार्यांच्या कानाला लागलं, आणि बघता बघता फाटकाजवळच्या भिंतीवर ते मशीन चढलं. अंगठा लावा, आत या. त्यासाठी बैठक झाली नाही, की याची गरज काय असं कोणी विचारलं नाही. म्हणून अरुणा गमरेला वाटलं, की आपणही एक मशीन मागायला काय हरकत आहे. पण तिला हवं होतं त्या मशीनने मुलींना पकडता येणार नव्हतं, नुसतं वाचवता येणार होतं. मग कसलं मिळतंय?

अरुणा या होस्टेलची रेक्टर. कोपरखैरण्याच्या गावठाणाला चिकटून वामन मढवींची पाच मजली इमारत आहे, ती कॉलेजने मुलींसाठी भाड्याने घेतली आहे. तळमजल्यावर एका बाजूला अरुणाची खोली, दुसऱ्या बाजूला मेस, वर सगळ्या मुली. अरुणा तुर्भ्याच्या वस्तीत वाढलेली, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. मुली तिला टरकून असत आणि ताप आला की तिच्याच दारात येऊन उभ्या राहत.

प्रवेश झाल्या झाल्या तशीच एक येऊन उभी राहिली. मैत्री वाव्हळे, परभणीकडच्या पूर्णा गावची, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला.

“मॅडम, मला खालच्या मजल्यावर खोली मिळंल का?”

“का? या वयात गुडघे दुखायला लागले?”

मैत्री हसली नाही. तिने दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिच्या हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकत होते. वरून काही दिसायचं नाही, दुखायचं नाही. तिची आत्या अशीच भर दुपारी नळावर कोसळली ती उठलीच नाही. त्यानंतर घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात मैत्रीचं निघालं. गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शीक, हिंड, काही हरकत नाही. फक्त जिथे राहशील तिथे शॉक द्यायचं मशीन असेल तर बरं. अँब्युलन्स येईपर्यंत वाट बघण्यात माणूस हातचा जातो. हे मशीन जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढं, छातीला दोन पट्ट्या चिकटवायच्या, बाकी काय करायचं ते मशीन स्वतःच बोलून सांगतं.

“पण कॉलेजला सांगू नका, मॅडम. संभाजीनगरला एका होस्टेलनं ऐकलं न् दुसऱ्याच दिवशी सामान बाहेर काढलं. हितून बी काढलं तर अप्पा मला परत कुठं पाठवणार नाहीत.”

“नाही सांगणार,” अरुणा म्हणाली. तिने स्वतःच्या खोलीशेजारची खोली मैत्रीला दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच प्राचार्यांची केबिन गाठली.

प्राचार्य हरेश देवरुखकर हे अत्यंत गोड गृहस्थ. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता, आणि त्यांनी केलेलं कामही कोणी पाहिलं नव्हतं.

“उत्तम कल्पना,” ते म्हणाले. “कोणाला काही झालंय का?”

“झाल्यावर आणायचं का, सर?”

“तसं नाही हो. पण या वयाच्या मुली, हार्टचा काय संबंध? कमिटीसमोर ठेवू या.”

कमिटीसमोर ते ठेवलं गेलं आणि तिथेच पडून राहिलं. अरुणाने खेटे घालून घालून चपला झिजवल्या. कमिटीतल्या प्रत्येकाला एकेक शंका होती आणि ती दर बैठकीत नव्याने सुचायची. एकाला वाटे, मशीन चोरीला जाईल. एकाला वाटे, पालक भिंतीवर ते बघतील आणि म्हणतील, इथे पोरी मरतात की काय. एक वयस्कर बाई खाली बघून हळूच म्हणाल्या, “छातीवर लावायचं म्हणजे... कपडे बाजूला करावे लागणार ना? मुलींच्या होस्टेलात बरं दिसतं का ते?”

“मेलेली मुलगी बरी दिसते का?” अरुणा म्हणाली.

त्या दिवसानंतर बैठकीचा निरोप तिला उशिरा यायला लागला.

तिचं डोकं भणभणून जायचं. एक वाक्य बोललं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आणि नेमकं तेच वाक्य तिला बोलता येत नव्हतं. कोणासाठी हवंय, असं जो तो विचारायचा. सगळ्यांसाठी, असं ती सांगायची. आणि सगळ्यांसाठी म्हटलं की आपल्याकडे कोणाहीसाठी नसल्यासारखंच होतं. इकडे रात्रीचं जेवण झालं की मैत्री मेसमधून जाताना नुसती मान उडवून विचारायची, काय झालं? आणि अरुणा खोटंच सांगायची, होतंय, होतंय.

शेवटी तिला वामन मढवी आठवले.

वामनशेठची आई पुतळाबाई मागच्या वर्षी गेली. म्हातारी ऐन तारुण्यात खाडीतल्या मिठागरांत राबली होती आणि म्हातारपणी तिने याच इमारतीच्या जिन्यावर बसून पोरींना बोंबील कसे भाजायचे ते शिकवलं होतं. तिच्या वर्षश्राद्धाला वामनशेठ होस्टेलला थंड पाण्याचं मशीन देणार, अशी कुणकुण होती. वरती लाल अक्षरांत नाव येणार होतं, कै. पुतळाबाई यांच्या स्मरणार्थ. अरुणाने विचार केला, थंड पाणी पिऊन आजवर कोण वाचलंय? ती सरळ त्यांच्या घरी गेली, ओट्यावर बसली आणि सगळं समजावून सांगितलं. मशीन काय असतं, कसं चालतं, किती उपयोगाचं.

वामनशेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“नाय मॅडम. पान्याचं बरं हाय. पोरी पानी पितील, आयचं नाव वाचतील, दुवा देतील. तुमचा ह्यो डबा कवा उघडनार? कोन मरायला टेकली तवा. म्हंजे आमच्या आयचं नाव मरनाच्या टायमालाच वाचायचं काय?”

“अहो, मरताना नाही, वाचताना.”

“पन कोन वाचनार? नाव सांगा. दान असं हवेत देतंय काय कोन? त्याला समोर मानूस पायजे.”

अरुणाने त्यांच्याकडे पाहिलं. केबिनमध्ये विचारायचे तोच प्रश्न, पण हा माणूस टाळण्यासाठी विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि ती फार दमली होती. नऊ जणांच्या कमिटीने जे तोंडातून काढून घेतलं नव्हतं, ते त्या ओट्यावर कोऱ्या चहाबरोबर बाहेर पडलं.

“माझ्या शेजारच्या खोलीतली मैत्री,” ती म्हणाली. “पण वामनशेठ, ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही. कॉलेजला कळलं तर तिला काढतील.”

वामनशेठच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “ती बारकुशी? दुपारी आयच्या जिन्यावर बसते ती? अरे देवा.” मग त्यांनी छातीवर हात ठेवला. “कोनाला नाय सांगनार. मशीन आलं समजा.”

आणि खरोखरच आलं. कमिटीने एकही सही न करता, एकही शंका न काढता, कारण फुकट आलेल्या वस्तूविषयी कोणाला शंका नसतात. वामनशेठनी स्वतः मिस्त्री आणून मेससमोर भिंतीवर पेटी बसवली, कुलूप नको म्हणून अरुणाने बजावलं ते ऐकलं, आणि पेटीवर लाल अक्षरांत आईचं नाव घातलं. मैत्री येता-जाता त्या पेटीकडे बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची. अरुणाला त्या आठवड्यात झोप छान लागली. ती मुलींवर ओरडायचीसुद्धा विसरली होती.

वर्षश्राद्धाच्या दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडव पडला. पुतळाबाईंचा मोठा फोटो, गावातल्या बायका, भजनी मंडळ, समोर खुर्च्यांवर होस्टेलच्या मुली आणि पहिल्या रांगेत प्राचार्य. भजन झालं. वामनशेठ माईक घेऊन उभे राहिले. ते आईविषयी बोलले, बायकांनी पदर डोळ्यांना लावले, अरुणालाही भरून आलं. आणि मग ते म्हणाले,

“आयच्या नावानं आज एक मशीन दिलं. पन मशीनला काय मान द्यायचा? मान मानसाला द्यायचा. आमच्या आयला लेक नव्हती. तिनं जाताजाता मना एक बहीन दिली. मैत्रीताय, वर ये.”

अरुणा खुर्चीतून अर्धी उठली. बाजूच्या बाईला वाटलं, तिला नीट दिसत नाही, म्हणून ती जरा सरकली.

“लाजू नको, ये! ही पोर बगा. हिच्या काळजात बिघाड हाय. कवा बंद पडंल सांगता नाय येत. तरी येवढ्या लांबून शिकायला आली. हिच्यासाटी आमी मशीन आनलं!”

मांडव टाळ्यांनी दणाणला. दोन बायकांनी मैत्रीला हाताला धरून वर नेलं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला, कपाळाला कुंकू लागलं. गावच्या एका आजीने तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मैत्री खाली मान घालून उभी होती. एकदाच तिने मान वर केली आणि त्या गर्दीतून बरोबर अरुणाकडे पाहिलं. प्राचार्यही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांनी शेजारच्या क्लार्कच्या कानात काहीतरी विचारलं आणि क्लार्कने मान डोलावली.

मांडव रिकामा होण्याचीही वाट न बघता अरुणाने वामनशेठना जिन्याखाली गाठलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं? कोणाला सांगू नका म्हटलं होतं ना?”

वामनशेठ गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. “मी सांगतलं कुटं, मॅडम? मी मान दिला.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. त्याच्या हिशेबी सांगणं म्हणजे चहाडी, आणि चहाडी त्याने केलीच नव्हती. त्याने चारचौघांत पोरीला बहीण मानलं होतं. अरुणाला त्याला दोन शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि शिव्या द्यायला जागाच सापडेना. शिवाय शब्द पहिल्यांदा मोडला होता तो कोणी? ते आठवल्यावर ती तशीच मागे वळली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. चहा मागवला, बिस्किटं मागवली.

“मॅडम, मुलीच्या हिताचं बघितलं पाहिजे.”

“तेच बघत होते, सर.”

“तिला घरी पाठवू या. आईवडिलांजवळ राहील. कोर्सचं काय ते पुढच्या वर्षी बघू.”

“पण आता मशीन आहे ना!”

“मशीन आहे म्हणूनच तर.” प्राचार्य पुढे वाकले आणि अगदी विश्वासात घेऊन बोलले. “आधी काही झालं असतं तर म्हणता आलं असतं, सोय नव्हती. आता सोय आहे आणि तरी वाचली नाही, तर? आणि मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. अख्ख्या गावासमोर सांगितलंय, मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतोय, फोटो आहेत.”

“सर, तुमची अँजिओप्लास्टी झालीये. तुम्ही केबिन सोडलीत का?”

“मी होस्टेलमध्ये राहत नाही, मॅडम,” प्राचार्य गोड हसून म्हणाले आणि बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

अरुणा त्या दिवशी केबिनमध्ये एवढी ओरडली की बाहेरच्या क्लार्कने दार लावून घेतलं. उपयोग शून्य. राहण्यास कोणताही धोका नाही असं डॉक्टरांकडून लिहून आणा, असा तोडगा मिळाला. आता कोणता डॉक्टर असं लिहून देईल? धोका नाही असं तर प्राचार्यांविषयीही कोणी लिहून दिलं नसतं. वामनशेठ कॉलेजात जाऊन टेबलावर हात आपटून आले. इमारत माजी हाय, पोर हितंच राहील, म्हणाले. त्यांना चहा मिळाला आणि इमारत तुमची असली तरी नियम कॉलेजचे, हे करारातलं कलम दाखवलं गेलं. मग त्यांनी आईची खोली मैत्रीला देऊ केली. पण मैत्रीचे वडील शिवराम वाव्हळे तिला न्यायला निघाले होते, आणि परक्याच्या घरी मुलगी ठेवायला ते तयार झाले नाहीत. त्यात त्यांची काय चूक?

शिवरामअप्पा पूर्णेच्या टपाल कार्यालयात होते. पांढरा स्वच्छ शर्ट, हातात कापडी पिशवी. ते भांडतील अशी अरुणाने तयारी केली होती. भांडले असते तर तिलाच जरा बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीवरची पेटी बघितली, तिला नुसता हात लावला आणि अरुणासमोर दोन्ही हात जोडले.

“मॅडम, तुमी लई केलं पोरीसाठी. आमच्या गावात तर हे पाहायला बी भेटत नाही.”

अरुणाला शरमेने कुठे बघावं ते कळेना. मैत्री बॅग ओढत बाहेर आली. शाल तिने बॅगेत घेतली नव्हती, पलंगावर घडी घालून ठेवली होती.

“मी प्रयत्न सोडलेला नाही,” अरुणा म्हणाली. “विद्यापीठात अर्ज करते. बेलापूरला एक वकीलबाई आहेत ओळखीच्या, त्यांना भेटते. तू परत येशील.”

मैत्री म्हणाली, “मॅडम, मी तुम्हालाच सांगायला नको होतं ना?”

तिच्या आवाजात राग असता तर अरुणाला उत्तर देता आलं असतं. पण ती खरंच विचारत होती, पुढच्या वेळी काय करायचं हे कळावं म्हणून. अरुणाने तिच्या हातातली बॅग घेतली आणि रिक्षात नेऊन ठेवली.

वकीलबाईंकडे ती गेली. विद्यापीठातही गेली. तिथे आणखी एक कमिटी होती.

मशीन मात्र भिंतीवर होतं, आणि ते शिकवायला कंपनीचा एक मुलगा आला. त्याने मेसमध्ये टेबलावर प्लास्टिकचा अर्धा पुतळा आडवा ठेवला आणि सगळं छान समजावून सांगितलं. दाब कसा द्यायचा, पट्ट्या कुठे लावायच्या, सगळे बाजूला कधी व्हायचं. मशीन हिंदीत बोललं तेव्हा मुली खुदखुदल्या. शिकल्या मात्र नीट. अरुणाने एकेकीला पुढे बोलावून करायला लावलं आणि तिला जरा धीर आला. निदान एवढं तरी झालं, असं तिने स्वतःला समजावलं. एकीचं नुकसान झालं, पण बाकीच्यांची सोय झाली.

शेवटी ती उभी राहिली. “आणि बघा, कोणाला चक्कर येत असेल, धडधडत असेल, घरात कोणाला हार्टचं काही असेल, तर मला येऊन सांगा. गुपचूप सांगा. माझ्यापाशीच राहील.”

मुलींनी एकमेकींकडे बघितलं, मग मैत्री जिथे जेवायला बसायची त्या बाकाकडे, आणि मग सगळ्या आपापल्या मोबाइलमध्ये शिरल्या.

पुढे एकदा संध्याकाळी अरुणा भाजी घेऊन आली, तर जिन्याच्या पहिल्या वळणावर दुसऱ्या वर्षाची सुनयना बसली होती. कठडा घट्ट धरलेला, ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम. वर पंखे चालू होते, उकाडा असा नव्हताच. अरुणाच्या हातातली पिशवी गळून पडली.

“काय होतंय गं? छातीत काही होतंय का?”

सुनयनाने दचकून वर पाहिलं. ती अरुणाला घाबरली होती, पण अरुणाच्या ओरडण्याला घाबरतात तशी नव्हे. तिने ओढणीने कपाळ पुसलं, कठड्याला धरून उठली आणि हसली.

“काही नाही, मॅडम. दम खात होते.”

“बस खाली. नाडी बघू दे.”

“खरंच काही नाही हो. मी एकदम फिट आहे.”

आणि ते पटावं म्हणून ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. अरुणा कांद्या-बटाट्यांमध्ये उभी राहून, वर जाणारा तो पावलांचा आवाज मधेच थांबत तर नाही ना, हे जीव मुठीत धरून ऐकत राहिली.